पारिजात सातची साद

अरबी समुद्रावरून जाणारी विमानं नागपुरातून सांभाळली जातात, हे ऐकून लोक हसत. शलाका ठवकर हसत नसे, कारण ती सांभाळणारी तीच होती. विदर्भाचा अनुशेष भरून काढायच्या एका मोठ्या घोषणेत सिंचन राहून गेलं, पण समुद्र मिळाला. सगळं उपग्रहावरूनच चालतं तर केंद्र किनाऱ्यावरच कशाला, असा बिनतोड सवाल कुणीतरी सभागृहात केला आणि संत्र्याची एक बाग तोडून त्या जागी महासागरी संवाद केंद्र उभं राहिलं. उद्घाटनाला शंख वाजवला होता. शलाकाने समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता. त्यातल्या एका वेळी ओहोटी होती, त्यामुळे नुसता चिखल.

काम म्हणाल तर ऐकण्याचं. विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, इंधन किती उरलं, हे उपग्रह न विचारता सांगे. हुकूम जात ते मजकुरात, वैमानिक एक बटण दाबून ‘मान्य’ कळवी. बोलायची गरज अशी उरलीच नव्हती. मालवाहू विमानांत तर वैमानिकही एकच उरला होता, आणि तोही विमान उडवायला नव्हे, विमा कंपनीला बरं वाटावं म्हणून.

मग एकदा कुठल्याशा देशात असं एक विमान वेळेवर, सुरेख उतरलं, ठरल्या जागी उभं राहिलं, आणि दार काही उघडेना. शिडी लावून लोक आत गेले तेव्हा वैमानिक थंड पडलेला होता. समुद्राच्या मध्यावरच कधीतरी गेला असावा. चौकशीत निघालं की त्यानंतरही विमानाने एकसुद्धा चूक केली नव्हती. लोकांना धक्का बसला तो याचाच. त्यावरून सादेचा नियम आला. दर अर्ध्या तासाने वैमानिकाने आपल्या आवाजात साद द्यायची आणि जमिनीवरच्याने आपल्या आवाजात प्रतिसाद. तेही जुन्या रेडिओवर. सौर वादळात उपग्रह मुके होतात. जुन्या रेडिओच्या लहरी मात्र वर आयनांबरावर, म्हणजे हवेच्या विद्युतभारित थरावर, आपटून चेंडूसारख्या खाली येतात आणि हजारो मैल गाठतात. फक्त येताना तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर घेऊन येतात.

“नागपूर, पारिजात सात. कसं ऐकू येतंय?”

“पारिजात सात, पाच.”

पाच म्हणजे स्वच्छ. एक म्हणजे काहीच कळत नाही. संसारातही असे आकडे हवे होते, असं शलाकाला वाटे. तिच्या नवऱ्याने घटस्फोटाच्या अर्जात पानंच्या पानं लिहिली होती, ती नुसत्या ‘दोन’मध्ये आटोपली असती.

पारिजात सात म्हणजे कॅप्टन अन्वर मुकादम. मूळचा श्रीवर्धनचा, साठीला टेकलेला. नैरोबीहून मुंबईला गुलाब आणायचा. लग्नसराईत इकडे नवरा-नवरीच्या गळ्यात जे हार पडत त्यांची फुलं आफ्रिकेतून येत, आणि ती आणणारा माणूस डब्यातलं जेवण एकटा बसून जेवे. साद इंग्रजीतच द्यायची असा दंडक होता, पण समुद्राच्या त्या पट्ट्यात दुपारच्या वेळी दुसरं कुणी नसे. एक दिवस चरचरीतून प्रश्न आला.

“नागपूर, तुमच्या मागे ते काय घरघरतंय?”

“कूलर,” शलाका मराठीतच म्हणाली, कारण आडनाव तिला माहीत होतं.

“समुद्राचं केंद्र, आणि कूलर?”

“बाहेर शेहेचाळीस आहे, कॅप्टन. तुमच्या बाहेर किती?”

“उणे बावन्न.”

“थोडं इकडे पाठवा.”

“पत्ता द्या, बाई.”

तेव्हापासून दर सादेनंतर दोन-चार वाक्यं व्हायची. फार काही नसे. त्याने नारळाच्या झाडांवरच्या भुंग्यांचं सांगावं, हिने केंद्रप्रमुख देवतळे साहेबांचं. आणि शेवटी निरोपाला दोन टक. ही वैमानिकांची जुनी खोड. बोलायला काही उरलं नाही, पण ऐकलं एवढं कळवायचं असलं की माइकचं बटण दोनदा दाबून सोडायचं. चरचर दोनदा क्षणभर थांबते. टक, टक. शलाकाही आपल्या बाजूने तसंच करी. दिवसाकाठी एखादं माणूस आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकतं आणि ऐकल्याची पावतीही देतं, ही चैन तिला बऱ्याच वर्षांनी मिळत होती.

मग प्रतिस्वर आला.

माणसाचा आवाज हे काही गूढ नाही. घसा, टाळू, जीभ, नाकामागच्या पोकळ्या यांची मापं आणि बोलायच्या सवयी, एवढाच त्याचा ऐवज. नक्कल करायला पूर्वी तासन्‌तास ध्वनिमुद्रण लागे, आता दोन वाक्यं पुरत. प्रतिस्वराची करामत पुढची होती. वैमानिकाच्या मनगटाला पट्टा बांधायचा, समोर त्याच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखायचा. नाडी, रक्तातला प्राणवायू, पापण्यांची उघडझाप हे सगळं नीट असलं की यंत्रच वैमानिकाच्या आवाजात साद देई. माणूस बिचारा थकतो, त्याचं लक्ष उडतं. यंत्राचं उडत नाही. कंपन्यांनी हे आंतरराष्ट्रीय समितीला एका जेवणात समजावून दिलं आणि समितीला ते पटलं.

जमिनीवरच्यांनी तरी मागे का राहावं? केंद्रातल्या पाच जणांपैकी चौघांनी आपापले आवाज देऊन टाकले. एक जण गच्चीत कढीपत्त्याची रोपं लावी, बाकीचे ती पाहत. वर आकाशात एक यंत्र दुसऱ्याला “कसं ऐकू येतंय” विचारी, दुसरं “पाच” म्हणे, आणि दोघं एकमेकांचे आभार मानत. केंद्रात माणसं बोलत होती तेव्हा इतकी सभ्य भाषा तिथे कधी ऐकू आली नव्हती.

“मॅडम, तुम्हीच काऊन अडून राहिल्या?” देवतळे दर सोमवारी विचारत. “दोन वाक्यं तर म्हणायची आहेत.”

“मग मी काय करू?”

“आराम.”

“तो घरी करते ना मी.”

“पगार तोच राहणार आहे.”

“तुम्ही दिला का आवाज?”

“मी प्रशासनात आहे,” देवतळे म्हणाले. “आम्ही कुठे बोलतो?”

शलाकाच्या नाही म्हणण्याला एक घरगुती कारण होतं. तिची मुलगी ओवी कॅनडात, हॅलिफॅक्सला. दर रविवारी फोन. “आई, जेवलीस का? गुडघा कसा आहे?” मोकळं, मायेचं बोलणं. एका रविवारी ओवी अशीच भरभरून बोलली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने तिचा फोटो टाकला. अक्कलदाढ काढलेली, गाल भोपळ्यासारखा, तोंडात कापूस. फोटो त्याच वेळेचा होता. प्रतिस्वर आता फोनवरही मिळत होता, वर्षाची वर्गणी भरून.

शलाकाने विचारलं नाही. विचारलं असतं तर होय किंवा नाही एवढंच उत्तर आलं असतं, आणि तेही कोण देतंय हे कळलं नसतं. शिवाय या ओवीला फोन ठेवायची घाई नसे. एकदा शलाकाने नखाने फोनवर दोनदा टकटक केलं.

“आई, आवाज तुटतोय का?” ओवीने काळजीने विचारलं.

“नाही गं, पाच आहे,” शलाका म्हणाली, आणि पुढे गुडघ्याबद्दल सांगितलं. त्या दिवसापासून तिने मनाशी एक ठरवून टाकलं: कुणालाही ‘तूच आहेस ना?’ म्हणून विचारायचं नाही. ज्याला बोलायचं असेल तो बोलेल.

चैत्र संपता संपता पारिजात सातकडून साद आली ती जरा खाकरून.

“शलाकाबाई, ही शेवटची.”

“कसली?”

“माझ्या तोंडची. सोमवारपासून तो बोलणार.”

“तो कोण?”

“मीच. कंपनी म्हणते, माझ्यापेक्षा बरा बोलतो. खाकरत नाही.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“गुलाब राखणार. मी माइक धरून बोललो की ‘मानवी हस्तक्षेप’ अशी नोंद होते. तीन झाल्या की घरी बसायचं. चाचणीत दोन झाल्यापण. एकदा शिंकलो, एकदा सवयीने तुम्हाला कूलरचं विचारलं.”

“घरी कोण आहे?”

“बहीण. आणि भुंगे.”

मग शलाकाने विचारलं, “टक टक केलेलं चालतं का?”

“अर्ध्या सेकंदाच्या आतलं सगळं यंत्र गोंगाट समजतं, बाई. गोंगाटाची नोंद होत नाही.”

“मग करा गोंगाट.”

त्याने केला. पुढे जवळजवळ महिनाभर असंच चाललं. साद येई ती बिनखाकऱ्याची, ठसठशीत. यंत्र शिकलं होतं ते या दोघांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवर, त्यामुळे ते अधूनमधून आपण होऊन विचारी, “नागपूर तापलंय का, बाई?” शलाकाला अंगावर पाल पडल्यासारखं होई. ती फक्त “पाच” म्हणे आणि थांबे. मग चरचरीच्या तळाशी, खिडकीवर बोट वाजवावं तसं, टक, टक. तीही दाबी. एवढ्यावर तिचा दिवस निघे. लोक दिवस काढायला यापेक्षा कितीतरी खर्चिक गोष्टी करतात.

आणि मग त्या मंगळवारी टक आलीच नाही.

साद वेळेवर आली. “पारिजात सात, सगळं छान.” शलाका पाच म्हणाली, थांबली. नुसती चरचर. तिने स्वतः दोनदा दाबून पाहिलं. पलीकडून काही नाही. पडद्यावर पारिजात सातच्या नावापुढे नाडी, प्राणवायू, डोळे, तिन्ही हिरवे. झोपले असतील म्हणावं तर डोळे उघडे.

तिच्या हाताशी एक लाल कळ होती. ती दाबली की विमानात घंटा वाजे आणि वैमानिकाला प्रत्यक्ष बोलावं लागे. म्हणजे तिसरा हस्तक्षेप. म्हणजे बहीण आणि भुंगे. एवढ्यासाठी एखाद्याला घरी बसवायचं? कंटाळले असतील. महिनाभर बटण दाबून माणूस कंटाळणारच. ओवी नाही का कंटाळली? शलाकाने हात मागे घेतला, बाटलीतलं कोमट पाणी प्यायली आणि न विचारण्याचा आपला नियम पाळला. पाळताना तिला जरा ताठही वाटलं. तो अर्धा तास तिने पडद्याकडे न बघता काढला.

पुढची साद आली. “पारिजात सात, सगळं छान. नागपूर तापलंय का, बाई?”

“पाच,” शलाका म्हणाली आणि हेडफोन काढायला हात वर नेला.

टक.

एकच. मग बराच वेळ काही नाही. मग टक टक टक, घाईघाईत, वेडीवाकडी, दार बाहेरून लागलेल्या माणसाने आतून थापा माराव्या तशी.

“अन्वर, तुम्ही आहात का?”

“आहे की, बाई. जाणार कुठे?” आवाज प्रसन्न होता. आणि त्या प्रसन्न वाक्याच्या मागे, टक... टक.

शलाकाला एकदम सासरे आठवले. एका सकाळी ते खुर्चीत बसून होते. नाडी ठणठणीत, डोळे उघडे, चेहरा सुनेकडे. काही विचारलं तर बोलेनात. घरच्यांना वाटलं, रुसलेत. दुपारी डॉक्टर आले तेव्हा कळलं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. बोलणं तिथे राहतं. ते गेलं होतं, उजवा हात गेला होता, समजत मात्र सगळं होतं. हृदय, फुप्फुसं, डोळे यांचा त्या गुठळीशी काही संबंध नव्हता. ती आपापली कामं करत होती.

आणि अन्वरच्या मनगटावरचा पट्टा तेवढंच मोजत होता. माणसाला बोलता येतं की नाही हे कळावं म्हणूनच साद होती, आणि त्याच्या वतीने ते एक काम यंत्राने उरकून टाकलं होतं. लाल कळ दाबून उत्तराची वाट बघत बसायला आता वेळ नव्हता.

“अन्वर, बोलता येत नसेल तर तीनदा दाबा.”

“बोलतोय की मी, बाई. तुम्हाला कसं ऐकू येतंय?”

टक. टक. चरचर. चरचर. टक.

तिने देवतळ्यांना हाक मारली. देवतळे हातात कढीपत्त्याची डहाळी घेऊन आले.

“पारिजात सातच्या वैमानिकाला झटका आलाय. मी आणीबाणी जाहीर करते. ओमानमध्ये, सलालाला उतरवायचं.”

देवतळ्यांनी पडदा पाहिला. “सगळं हिरवं तर आहे.”

“त्याला बोलता येत नाही.”

“पारिजात सात,” स्पीकरमधून आवाज आला, “सगळं छान.”

“बोलून तर राहिला,” देवतळे म्हणाले.

“तो नाही बोलत.”

“आवाज कोणाचा आहे?”

“त्याचाच.”

“मग?”

“ही टक ऐका.”

देवतळ्यांनी नोंद काढून पाहिली. नोंदीत टक नव्हती. “मॅडम, हा गोंगाट आहे. खोटी आणीबाणी निघाली तर तुमची नोकरी गेली, त्याची गेली, गुलाब सडले, आणि मले दिल्लीत उभं करतील.”

“आणि खरी निघाली तर?”

देवतळ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तरी मलेच उभं करतील,” ते म्हणाले.

“मग फरक काय पडतो, साहेब?” म्हणत शलाकाने हुकूम पाठवला. विमान वळायला तयार होतं, उतरायलाही. ते सगळं त्याला येत होतं. फक्त वैमानिकाचं ‘मान्य’ हवं होतं, नाहीतर कंपनीची तपासणी, आणि तिला संध्याकाळ झाली असती.

“अन्वर, उजवा हात सोडून द्या. डाव्या हाताने. पडद्यावर खाली हिरवी चौकट आहे. तुम्हाला माहीत आहे ती.”

“सगळं छान आहे, बाई,” आवाज म्हणाला. “मार्ग बदलायची गरज दिसत नाही.”

“तुम्ही गप्प बसा,” शलाका आवाजाला म्हणाली. “अन्वर, मी थांबलेय.”

देवतळे डहाळीची पानं एकेक करून खुडत राहिले. डहाळी संपायला आली तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली. मान्य.

विमान उत्तरेला वळलं. सलालाला उतरेपर्यंत शलाका बोलत राहिली. कूलरचं पाणी संपलंय. ओवीचा आवाजच तेवढा फोन करतो, आणि तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. ती हे सांगत होती तेव्हा देवतळे मागे उभे होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहायचं काम हाती घेतलं. प्रत्येक वाक्यावर आवाज काही ना काही योग्य उत्तर देई. टक विरळ होत गेली. शेवटी आवाज म्हणाला, “नागपूर, पारिजात सात सुखरूप उतरलं. आभारी आहे. तुमचा दिवस चांगला जावो.”

त्यानंतर टक आली नाही.

चौकशी समिती बसली आणि यथावकाश उठली. कंपनीने आणीबाणीतही शांत राहिल्याबद्दल प्रतिस्वराचं कौतुक केलं. अन्वर मुकादम वाचले होते. सलालाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की आणखी अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित वाचाही वाचली असती. समितीने या ओळीवर काही भाष्य केलं नाही. तो अर्धा तास कुठे गेला हे एकट्या शलाकाला माहीत होतं, आणि तिला कुणी विचारलं नाही. न विचारण्याचा नियम आता दुसऱ्या बाजूने लागू झाला होता.

समितीची शिफारस मात्र एक होती: टकटक ही उपयुक्त खूण असल्याचं दिसून आल्याने ती प्रतिस्वराच्या पुढच्या आवृत्तीत घालावी. घातली. आता सगळी विमानं सादेनंतर टक टक करतात. न चुकता, सारख्या अंतराने.

त्यानंतरच्या सोमवारी देवतळ्यांनी विचारायच्या आधीच शलाकाने दोन वाक्यं म्हणून टाकली. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती गच्चीत बसू लागली. कढीपत्ता चांगला आला होता.

श्रावणातल्या एका दुपारी तिथेच तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

“शलाकाबाई, नागपूर तापलंय का?”

ठसठशीत, बिनखाकऱ्याचा. कंपनीने निवृत्तीची भेट म्हणून अन्वरला त्याचाच आवाज दिला होता, आजन्म, वर्गणी माफ. तो डाव्या हाताने शब्द निवडी, आणि आवाज ते सजवून बोले.

“पाऊस आहे इथे,” शलाका म्हणाली.

“वा, छान. मी आता अगदी मजेत आहे, बाई. तुमची फार आठवण येते.”

हे त्याने निवडलं असेल की आवाजाने आपणहून घातलं असेल, याचा शलाकाने विचार केला. अन्वर असं काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. मग तिने तो नियम, जो आतापर्यंत फक्त एकदाच मोडला होता, पुन्हा मोडला.

“हा आवाज बंद करा, अन्वर. आणि तुम्ही आहात का ते सांगा.”

आवाज बंद झाला. मागे झावळ्यांची सळसळ होती, आणि तिच्याही मागे काहीतरी मोठं, सावकाश, पुन्हा पुन्हा येत होतं. तो समुद्र असणार. इतकी वर्षं सांभाळला, पण ऐकला नव्हता. जवळून एक बाईमाणूस म्हणालं, “उजव्या हाताने रे. डॉक्टरांनी उजवा सांगितलाय.”

टक.

शलाका थांबली. कढीपत्त्याच्या पानांवरून पाणी गळत होतं. पलीकडे कुणाचा तरी श्वास जोरात चालला होता, जड सामान उचलताना चालतो तसा. यंत्राने एवढा वेळ घेतला असता तर कंपनीने ते परत पाठवलं असतं.

टक.

“पाच,” शलाका म्हणाली.